वही कोणाच्या हातात? बारामती-इंदापूरचे कलावंत आणि प्राप्तिकर

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आम्हाला दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत इन्कम टॅक्स कशाला आणता? शंका रास्त आहे. पण आम्ही आज सुरुवात टॅक्सपासून करणारच नाही. सुरुवात करू सुप्यापासून.

सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलं सुपे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ हा तिथल्या बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर हल्ला केला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. तिथून ही आग पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांना हवं काय होतं? धान्य, कापड लुटलं गेलं हे खरं, पण रोख होता तो कागदांवर. कर्जरोखे आणि खातेवह्या हिसकावून जाळल्या गेल्या. कारण व्यवहार दोघांचा असला तरी वही एकट्या सावकाराची होती. किती दिले, किती फिटले, व्याज किती धरलं, हे शेतकऱ्याला वाचताही येत नव्हतं. पुढं सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात सावकारानं पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, असं लिहावं लागलं. म्हणजे चार वर्षांनी सरकारनंही कबूल केलं, की भांडणाच्या मुळाशी एकतर्फी वही आहे.

आता कलावंतांकडे येऊ. आमचं म्हणणं असं, की कलावंताची कमाई आपल्याकडे कायम देणाऱ्याच्या वहीत राहिली. घेणाऱ्यानं, म्हणजे कलावंतानं, स्वतःची वही ठेवलीच नाही. आणि प्राप्तिकर हा असा कायदा आहे, की तो घेणाऱ्याला विचारतो, ‘तुझी वही दाखव.’ इथंच सगळा घोळ होतो. तो घोळ किती जुना आहे ते बघू.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. बाबूजी नाईक जोशी हे मोठे सावकार. पेशव्यांचे सोयरे: त्यांचे बंधू आबाजी हे बाळाजी विश्वनाथांचे जावई. सोयरे असूनही १७४० साली पहिला बाजीराव गेल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावं म्हणून त्यांनी खटपट केली, ती साधली नाही, ही गोष्ट वेगळी. या नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत आले. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. मृत्यू १७९४, बारामतीत. आर्याभारत, केकावली, एकशे आठ रामायणं, एवढं लिहिणाऱ्या माणसाचं पोट कशावर चाललं? पुराण सांगण्यावर आणि नाईकांच्या आश्रयावर. आजच्या भाषेत मोरोपंत पगारदार होते की स्वतंत्र व्यावसायिक? वाड्यावर ठरलेलं पुराण सांगायचं म्हणजे नोकरीसारखं, पण काव्य लिहायचं ते स्वतःच्या मर्जीनं. हा प्रश्न आज एखादा कर अधिकारीसुद्धा विचारील, कारण पगार आणि व्यवसाय ही दोन वेगळी खाती आहेत आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

सोलापूरचे शाहीर राम जोशी बारामतीला मोरोपंतांकडे येत, अशी परंपरेनं चालत आलेली हकिकत आहे. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोचवण्याचं बरंच श्रेय राम जोशींना देतात. हे खरे फिरते कलावंत. लावणी रचायची, तमाशा उभा करायचा, पुढं कीर्तन करायचं. त्यांना मिळायची ती बिदागी. हा शब्द जरा थांबून बघा. बिदा म्हणजे निरोप. निरोपाच्या वेळी हातावर ठेवायचं ते बिदागी. म्हणजे ती कामाची किंमत नाही, खूश होऊन केलेली पाठवणी आहे. दक्षिणा, ओवाळणी, शिधा, पोस्त, दौलतजादा, कलावंताला मिळणाऱ्या पैशाला आपल्याकडे इतके शब्द आहेत, पण त्यातला एकही शब्द ‘मजुरी’ किंवा ‘दर’ असं म्हणत नाही. पुढं कोर्टात हाच वाद झाला, त्याकडे आपण येऊच.

पेशव्यांच्या दरबारी श्रावणात दक्षिणा वाटली जायची, गुणीजनांना बिदागी मिळायची, आणि त्याच्या नोंदी व्हायच्या. मोडीतले ते कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पण त्या नोंदी खर्चाच्या बाजूच्या. सरकारच्या वहीत ‘खर्च’ म्हणून लिहिलेली रक्कम कलावंताच्या घरी ‘जमा’ म्हणून कुठं लिहिलेली सापडते का? आमच्या पाहण्यात तरी नाही.

हे झालं दरबाराचं. गावात तर पैशाचाही संबंध नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ १९१५ साली आलं, त्यात बलुत्याची पद्धत तपशीलवार आहे. गुरव देवळात वाजवायचा, त्याला देवस्थानची इनाम जमीन असायची. गोंधळी अलुतेदारांत. होलार, मांग ही मंडळी लग्नात, देवाच्या पालखीपुढं वाजवायची आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन आपला वाटा आणायची. इंदापूर, बारामती, पलीकडे फलटण, माळशिरस, या पट्ट्यात सनई-सूर-डफड्याची परंपरा त्यांनीच टिकवली. खळ्यावर किती पायल्या मिळाल्या हे कुणी लिहायचं? शेतकरीही लिहीत नव्हता. सगळं तोंडी. आणि तोंडी हिशेबात कोण गप्प बसतो हे सांगायला नको. ज्याची जात खाली, तो.

कसबी लोकांवर कर नव्हता असं मात्र समजू नका. मोहतर्फा नावाचा कर मराठी राज्यात होता. तेली, साळी, रंगारी, दुकानदार, हरएक कसबावर पट्टी. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात तो १८४४ च्या कायद्यानं काढून टाकला. (गंमत म्हणजे त्याचा नातू आज जिवंत आहे: १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं आलेला व्यवसाय कर. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. असो.)

मग १८५७ झालं. बंड मोडताना तिजोरी रिकामी झाली. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री आले आणि १८६० साली त्यांनी हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. २४ जुलै १८६० ला तो कायदा मंजूर झाला, म्हणून प्राप्तिकर खातं आजही २४ जुलै हा आपला दिवस पाळतं. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असलं तर माफी. विल्सनसाहेब त्याच वर्षी कलकत्त्यात वारले, पण कर राहिला, १८६५ ला गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. हा धरसोडीचा भाग आम्ही सोडून देतो. आपल्या भागाला भिडणारी दोन वर्षं तेवढी लक्षात ठेवा: १८७८ आणि १८८६.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्याकडे फार मोठा झाला. त्या दुष्काळानंतर, पुढच्या दुष्काळासाठी पैसा साठवायचा म्हणून १८७८ साली व्यापारी आणि कारागिरांवर परवाना कर बसवला. सुरतेला त्यावरून दंगल झाली. आणि दुष्काळ निवारणाच्या याच धोरणातून नीरेचा डावा कालवा आला. भाटघरचं धरण, तिथून नीरेचं पाणी, आणि १८८० च्या दशकात ते बारामती-इंदापूरच्या माळावर खेळायला लागलं. पुढं ऊस आला, वालचंदनगरचा कारखाना आला, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने आले.

आता १८८६. परवाना कर गेला आणि कायमचा असा प्राप्तिकर कायदा आला. पाचशे रुपयांवर उत्पन्न असलं की रुपयाला चार-पाच पै. पण त्या कायद्यानं एक मोठी सूट दिली, शेतीच्या उत्पन्नाला. कारण असं दिलं, की शेतकरी जमीन महसूल देतोच आहे. ती सूट आजतागायत आहे. म्हणजे एकाच दशकात आपल्या तालुक्यांत कालव्याचं पाणी आलं आणि त्या पाण्यावर होणाऱ्या उत्पन्नाला करमाफीही आली. जमीन महसूल पुढं नाममात्र झाला, सूट तशीच राहिली. आम्ही हे शेतकऱ्याच्या विरोधात बोलत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला कर लावून काय निघणार? पण चित्र जरा डोळ्यांपुढं आणा. पन्नास एकर ऊस असलेल्या बागायतदाराच्या घरी लग्न आहे. त्या उसाच्या पैशावर प्राप्तिकर नाही. त्याच्या मांडवात हलगी वाजवणारा जो भूमिहीन माणूस आहे, त्याला मिळालेला रुपया मात्र कायद्याच्या नजरेत करपात्र आहे. कर भरण्याइतकी त्याची कमाई होत नाही ही गोष्ट निराळी. आयर्लंडनं १९६९ साली बरोबर उलटं केलं: लेखक, चित्रकार, शिल्पकार, संगीतकार यांच्या कलाकृतींच्या उत्पन्नाला करमाफी दिली. आता तिला मर्यादा घातली आहे, पण ती चालू आहे. आपण नांगराला सूट दिली, त्यांनी लेखणीला.

१९२२ च्या कायद्यात उत्पन्नाची वेगवेगळी खाती झाली. त्यात पेशातून मिळणाऱ्या प्राप्तीचं वेगळं खातं होतं. १९३९ च्या दुरुस्तीनं धंदा, पेशा आणि व्यवसाय यांचं एकच खातं केलं आणि १९६१ च्या कायद्यातही तेच आलं. त्या कायद्याची व्याख्या अशी, की पेशा म्हणजे त्यात अंगभूत कौशल्याचं, आवडीचं कामसुद्धा आलं. इथं आपले कलावंत बसतात. नोकरी नाही, दुकान नाही, पण अंगात कला आहे आणि तिच्यातून पैसा येतो.

मघाशी बिदागीचा मुद्दा अर्धा सोडला होता. हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो एका वेदान्ताच्या गुरूंमुळे. त्रावणकोरचे निवृत्त पोलीस अधिकारी पी. कृष्ण मेनन वेदान्त शिकवत. फी घेत नसत. त्यांच्या एका इंग्रज शिष्यानं त्यांना मोठमोठ्या रकमा दिल्या. मेनन म्हणाले, ही भेट आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की शिकवणं हे त्यांचं व्यवसायकर्म आहे, आणि ते केल्यामुळे आलेला पैसा उत्पन्नच आहे. मागितला नाही, ठरवला नाही, तरीही. आता हा निकाल फडावर लावून बघा. बैठकीत कुणी आवडीची लावणी सांगितली आणि नोट पुढं केली, तर ती दौलतजादा. कलावंतीण ती भेट समजते, देणारा तिला आपली रसिकता समजतो. कायदा तिला व्यवसायाची प्राप्ती समजतो. निरोपाची भेट म्हणून जो शब्द तयार झाला होता, त्याचं दोनशे वर्षांनी असं झालं.

आता एक गोष्ट आम्हाला खरोखर खटकते ती सांगतो. कायद्यात काही पेशांची यादी आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट वगैरे. या यादीतल्या लोकांना एक सोय आहे. जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए. वर्षाची जमा पन्नास लाखांच्या आत असेल, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाखांच्या आत, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची आणि सुटायचं. खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायला नको. १९७७ साली या यादीत ‘चित्रपट कलावंत’ घातले. नट, कॅमेरामन, दिग्दर्शक, संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, गायक, गीतकार, कथालेखक, वेषभूषाकार, सगळे. पण कुठले? चित्रपटाच्या निर्मितीतले. म्हणजे लावणी पडद्यावर नाचली तर ती यादीत बसते, चौफुल्याच्या कला केंद्रात नाचली तर बसत नाही. ढोलकी स्टुडिओत वाजली तर एक नियम, इंदापूरच्या यात्रेत वाजली तर दुसरा. चित्रकार, शिल्पकार, रंगभूमीवरचा नट, कीर्तनकार, शाहीर, सगळे यादीबाहेर.

यावर कुणी म्हणेल, सरकारला लोककला हा शब्दच माहीत नसावा. तसं नाही. २०१७ साली जीएसटी आला, १९२३ पासून चालत आलेला मुंबई इलाख्याचा करमणूक कर त्यात विरला. त्या जीएसटीच्या माफीच्या यादीत स्पष्ट लिहिलंय: लोककला किंवा शास्त्रीय कलाप्रकारातलं संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलावंताचं मानधन एका प्रयोगाला दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. म्हणजे एका कायद्याला लोककलावंत दिसतो, दुसऱ्याला फक्त सिनेमावाला दिसतो. दोन्ही कायदे दिल्लीतूनच येतात!

नाव कुठल्या खान्यात पडतं यावर किती फरक पडतो याचं एक मराठी उदाहरण सांगतो, जरा वेगळ्या मैदानावरचं. परदेशातून कमावलेल्या पैशावर लेखक, नट, संगीतकार, खेळाडू वगैरेंना पूर्वी सवलत होती. कलम ८०आरआर. सचिन तेंडुलकर यांनी जाहिरातींतून परदेशी कंपन्यांकडून मिळालेल्या पैशावर ती मागितली, नट म्हणून. खातं म्हणालं, तुम्ही क्रिकेटपटू. २०११ साली मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानं तेंडुलकरांचं म्हणणं मान्य केलं, की जाहिरातीत काम करणं हा अभिनय आहे. सवलत मिळाली. त्यांच्याकडे करार होते, बिलं होती, वकील होते. आपल्या हलगीवाल्याकडे काय आहे?

त्याचंच सांगतो. इंदापूर तालुक्यातले एक हलगीवादक आमच्या ओळखीचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सहा जणांची पार्टी, दोन हलग्या, सनई, सूर, संबळ, झांज. लग्नसराई, यात्रा, गणपती, आणि आता पुढाऱ्यांच्या मिरवणुका. आम्ही पहिल्यांदा हिशेबाचं विचारलं तेव्हा ते हसले. म्हणाले, “आमचं कसलं आलंय उत्पन्न? आज सुपारी हाय, उद्या न्हाई. इसारा आला तवा खरं.” इसारा म्हणजे आगाऊ रक्कम. पूर्वी तो रोख यायचा. आता फोनवर येतो, थेट बँकेत. आणि बँकेत आला की तो लिहिला गेला. अण्णांनी लिहिला नाही, बँकेनं लिहिला. पुन्हा दुसऱ्याचीच वही.

झालं काय, की मुलगी बारावी होऊन पुढं शिकायला गेली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. दाखल्यासाठी एका कार्यालयात बँकेचं पुस्तक मागितलं. पुस्तकात वर्षाची जमा नऊ लाख. तिथला माणूस म्हणाला, नऊ लाखवाल्याला अडीच लाखांचा दाखला कसा देऊ? त्याचंही चुकलं असं म्हणता येत नाही. त्याच्यापुढं कागद एकच होता.

आम्ही अण्णांबरोबर दोन रात्री बसलो. नऊ लाखांतले पाच लाख वीस हजार पार्टीतल्या पाच जणांना गेले होते. टेम्पो आणि डिझेलचे पंच्याण्णव हजार. चामडं, सनईच्या पत्त्या, फेटे, ड्रेस, दुरुस्ती मिळून पंचेचाळीस हजार. राहिले दोन लाख चाळीस हजार. हे अण्णांचं उत्पन्न. नऊ लाख ही उलाढाल. हा फरक आम्ही कार्यक्रमांत दहादा सांगतो, कारण कलावंताच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा याच ठिकाणी होतो. कायदा कर लावतो तो राहिलेल्या पैशावर, आलेल्या पैशावर नव्हे. पण मधला खर्च दाखवायची जबाबदारी तुमची.

दाखवायचा कसा? जोडीदारांना दिलेले पैसे एका साध्या वहीत, तारीख, नाव, रक्कम, सही किंवा अंगठा. एका माणसाला एका दिवशी दहा हजारांवर रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही, तेवढं सांभाळायचं. वाद्यांच्या खरेदीची पावती घ्यायची. मोठी वस्तू असेल तर तिचा खर्च एकदम नाही, घसारा म्हणून वर्षावर्षानं धरायचा. घरच्या लग्नात घातलेला फेटा खर्चात धरायचा नाही, मिरवणुकीचा धरायचा. कपड्यांचा वाद सगळीकडे आहे बरं का. इंग्लंडमध्ये एका वकीलबाईंनी कोर्टासाठीच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला, १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं तो नाकारला, की कपडे अंग झाकायलाही असतात म्हणून. नाचासाठीची नऊवारी आणि चार-पाच किलोचे चाळ बाजारहाटाला कुणी घालून जात नाही, तेव्हा तिथं हा वाद यायला नको असं आमचं मत.

अण्णांच्या बाबतीत दुसरी गोष्ट निघाली ती टीडीएसची. एका शहरातल्या महोत्सवात त्यांचा कार्यक्रम दर वर्षी असायचा, साठ हजारांचा. आयोजकांनी पॅन घेतला होता आणि दहा टक्के कापून चोपन्न हजार दिले होते. तीन वर्षं. अण्णा समजत होते की सहा हजार मधल्या माणसानं खाल्ले. त्या माणसाशी बोलणंही बंद केलं होतं! आम्ही २६एएस काढून दाखवला तेव्हा तीनही वर्षांचे सहा-सहा हजार त्यांच्या नावावर सरकारजमा दिसले. ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही त्याचा तो पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. चालू वर्षाचं वेळेत भरलं आणि सहा हजार आले. मागच्या वर्षांची मुदत टळलेली. उशिरा भरायचं जे अद्ययावत विवरणपत्र असतं त्यात परतावा मागता येत नाही. वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो, पाच वर्षांच्या आत. तो केला. आणि पॅन दिला नसता तर कापले असते दहा नव्हे, वीस टक्के.

२०२५-२६ या वर्षाचे आकडे सांगून ठेवतो. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत कर नाही, आणि सूट धरून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. ऐकून बरेच कलावंत म्हणतात, मग आम्हाला काय करायचंय? दोन गोष्टी. चार ते बारा लाखांच्या मधल्या माणसाला कर नसला तरी विवरणपत्र भरावंच लागतं. आणि पेशाची वर्षाची जमा दहा लाखांवर गेली, तर उत्पन्न कितीही कमी असो, भरावं लागतं. आधी सांगितलेला बागायतदार जर स्वतः गायक असेल, तर त्याचं शेतीचं उत्पन्न करमुक्त राहतं, पण गाण्याच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जातं. १९७३ पासूनचा हा नियम. गाण्याचे पैसे सात-बाऱ्यावर ढकलणारे लोकही आम्ही पाहिलेत. उसाचा उतारा एकरी किती पडतो हे कारखान्याच्या वहीत असतं, एवढंच त्यांना सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे आमच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक तुम्ही तपासून घ्या.

मोठ्या फडाचं गणित निराळं. दसऱ्याला बाहेर पडलेला तंबू अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे परत येतो. फडमालकानं कलावंतांना दिलेली उचल, नारायणगावच्या राहुट्यांमधून ठरलेल्या सुपाऱ्या, ट्रक, जनरेटर. तो धंदाच आहे, आणि त्यावर बोलायला वेगळं व्याख्यान लागेल. आम्हाला चिंता आहे ती त्या फडातल्या सत्तर-ऐंशी माणसांची, ज्यांची उचल मालकाच्या वहीत आहे. सावकाराच्या वहीसारखीच ती एकतर्फी असते. किती फिटली हे हंगाम संपल्यावर मालक सांगेल ते.

कोरोनाच्या दोन वर्षांत यात्रा बंद झाल्या, लग्नं पंचवीस माणसांत व्हायला लागली. सरकारनं कलावंतांना एकरकमी पाच हजारांची मदत जाहीर केली. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना तर १९५४-५५ पासूनची आहे, आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं, महिना पाच हजार. या सगळ्यांत अर्जाबरोबर मागतात काय? तुम्ही कलावंत आहात याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाकडे एक मंदिराचं सन्मानपत्र आणि एक फोटो निघतो. विवरणपत्राच्या चार प्रती असत्या, त्यात व्यवसाय म्हणून ‘वादक’ लिहिलेलं असतं, तर तोच पुरावा झाला असता. शेतकऱ्याकडे सात-बारा असतो. कलावंताला असा एकच कागद मिळू शकतो, तो हा, आणि त्यालाच तो सगळ्यात जास्त भितो.

सुप्याच्या माणसांनी वही जाळली म्हणून आम्हाला त्यांचा राग येत नाही. पण त्या दंग्यानंतरच्या कायद्यातलं आम्हाला जे आवडतं ते हे, की पावती ऋणकोच्या हातात आली. अण्णांना आम्ही विचारलं होतं, मागच्या वर्षांच्या सुपाऱ्या कशा आठवणार? त्यांनी घरातून भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. प्रत्येक तारखेच्या चौकोनात गावाचं नाव आणि आकडा. निमगाव, लासुर्णे, बावडा. लग्नाच्या तिथींना तर दोन-दोन गावं. नऊ लाखांचा सगळा हिशेब त्यावरूनच जुळला. त्याआधीच्या वर्षांची कॅलेंडरं कुठं आहेत म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, “पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घातली की!”

यंदाचं त्यांनी जपून ठेवलंय, हलगीच्या पेटीत. आता प्रश्न विचारा. मागच्या बाजूला ध्वनिक्षेपक फिरतोय.